तिचं कार्ड माझ्या फोनात

माझी बायको गणपतीच्या आधी गेली. त्यानंतर तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तो शेजारच्या घरातून.

भात कापायला आलं होतं. मी दारात बसून विळ्याला धार लावत होतो, आणि चुलतभावाच्या ओट्यावरून तिचा आवाज आला, "अक्का, चहा ठेवा, येते मी. दूध माझ्याकडचं आणते, तुमचं निस्तं पाणी." मी उठलोच. विळा हातात तसाच. अर्ध्या अंगणात गेल्यावर डोक्यात उजेड पडला, की हे फोनातून येतंय. ओट्यावर वहिनी एकटीच बसली होती. फोन मांडीवर, आणि ती हसत होती. मला बघितलं आणि फोन पालथा घातला.

"काय भाऊजी, विळा घेऊन कुटं निघालाव?"

"कुटं न्हाई," म्हणालो आणि माघारी फिरलो.

मला रडू आलं असं कुणाला वाटेल. नाही आलं. मी जळलो. बायको माझी, बत्ती माझ्या घरची विझली, आणि तिचा आवाज दुसऱ्याच्या ओट्यावर.

आमची दोन घरं एकाच अंगणाची. दादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून वर्षानं मोठा. वहिनी त्याची बायको. माझी बायको तिला अक्का म्हणायची. दोघी जावा असून कधी भांडल्या नाहीत, ही आमच्या भावकीत नवलाची गोष्ट. आमची पोरगी लांब असते. तिनं माझ्या बायकोला फोन घेऊन दिला, त्याच सुमाराला दादाच्या पोरानं वहिनीला दिला, आणि दोघींना खूळ लागलं. दोघींना लिहिता धड येत नव्हतं, म्हणून बोलून पाठवायच्या. बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. तिकडं वाजलं की ती ऐकणार, मग ती बोलणार.

मी म्हणायचो, "अगं, समोर तर घर हाय. हाक मार की सरळ."

"हाक समद्या आळीला जाती," ती म्हणायची. "ह्ये अक्कालाच जातंय."

ते खरं झालं. तिचं सगळं बोलणं अक्कालाच गेलं. मला काय उरलं? भिंतीवर फोटो आहे, हार घातलेला. फोटो कधी म्हणत नाही, की दूध पाणी आहे. पोरीशी ती फोनवर तोंड बघून बोलायची, पण ते बोलणं फोनात साठत नाही, असं पोरीनंच सांगितलं. आणि मला ती फोन कशाला करेल? मी एकतर घरात, नाहीतर खाचरात. माझा फोनही बटणांचा, घड्याळाएवढाच उपयोगाचा.

तिच्या स्वतःच्या फोनात सगळं होतं. तो मीच देऊन टाकला. आमच्याकडं तेराव्याला भाच्याला दान देतात. छत्री, चपला, तांब्या, घोंगडी, आणि गेलेल्या माणसाच्या आवडीची एखादी वस्तू. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी विचारलं, "तिला काय आवडायचं?" मी म्हणालो, "फोन." दुसरं काय सांगणार? दागिना तिला कधी आवडला नाही, साड्या पोरीला गेल्या. भाचा भला पोरगा आहे, भरे गावाजवळच्या कंपनीत जातो. त्यानं फोन कपाळाला लावला. आतलं कार्ड काढून माझ्या हातात दिलं, कारण गॅस त्या नंबरावर, बँक त्या नंबरावर. आणि घरी जाऊन फोन आतून पुसून कोरा केला. मी नंतर विचारलं, तर म्हणाला, "मामीचं खाजगी मी कसं ठिवू, मामा?" बरोबर बोलला. आमच्यात कोणीही असंच केलं असतं. पण त्याच्या खिशात तो फोन दिसला, की माझे हात शिवशिवायचे.

एकदा मी वहिनीकडं गेलो आणि सरळ म्हणालो, "ऐकवा की जरा तिचं."

वहिनी म्हणाली, "बायकांचं हाय, भाऊजी. तुमाला काय कळायचं त्यातलं?"

"कळाया न्हाई पायजे. ऐकाया पायजे."

तिनं एक ऐकवलं. त्यात बायको खोकली आणि म्हणाली, "मिरच्या उचला." संपलं. दुसऱ्याच्या बायकोच्या मांडीवरच्या फोनाकडं कान करून मी उभा, आणि दादा आत खाटेवर पडून हे सगळं बघतोय. मला माझीच लाज वाटली. जाताना मागून दादा बोलला, "लेका, फोन घे साधा. मग मी हिला सांगतो, पाठवील तुला. तुझ्या बटणाच्या डबड्यात काय पाठवणार, शेणी?"

दादाकडं मोठा फोन आहे. त्याच्या पोरानं वरचं माळरान शहरातल्या लोकांना फार्महाउसला दिलं, त्यातून आलेला. दादा त्यावर कुस्त्या बघतो. त्याच्याकडं फोन, त्याच्याकडं बायको, आणि माझी बायकोही त्याच्याच घरातल्या फोनात. हे मी त्याला बोललो नाही. पण जेवताना रोज हेच चावत होतो.

भात झोडून झालं, इंद्रायणी तांदळाला बरा भाव आला, आणि मी फोन घ्यायचा ठरवला. पोरगी म्हणाली, "बाबा, मी इथनं मागवते, घरपोच येईल." मी म्हणालो, "न्हाई. मला ऐकून घ्यायचाय." ती म्हणाली, "फोन कोण ऐकून घेतं?" मी घेणार होतो.

दादा बरोबर आला. त्याला बोलावलं नव्हतं. आमच्या कोळवणातून जीपनं पौडला आणि तिथून एसटीनं पिरंगुटला, सगळी वाट तो मला फोन शिकवत होता.

"जीबी जास्त घे."

"म्हंजे काय?"

"कणगी. जेवढी मोठी कणगी तेवढं भात मावतंय."

"आन मेगापिक्सेल?"

"ते डोळं. मोतीबिंदू नसल्यालं."

"आन तुझ्यात काय काय हाय?"

"माझ्यात समदं हाय," दादा म्हणाला. मी खिडकीबाहेर बघितलं.

दुकानात एक मुलगी होती, चष्मा लावलेली, तोंडात मराठी आणि इंग्रजी एकात एक कालवलेली. "काका, बजेट काय आहे?"

मी दादाच्या फोनाकडं बोट केलं. "ह्येच्यापरीस वरचा दावा."

तिनं दावला. मी किंमत ऐकली आणि फोन काचेवर परत ठेवला. ती हसली नाही, हे तिचं चांगलं. म्हणाली, "एवढा लागणारच नाही तुम्हाला. मधल्या रेंजमधला घ्या. रोज कशासाठी वापरणार?"

"आवाज ऐकाया."

"गाणी का?"

"गाणी न्हाई. बाईमाणसाचं बोलणं."

दादा खोकला. पोरीनं मान खाली घालून तीन फोन काढले. पहिला लई पातळ होता, हातात धरल्यावर मासा धरल्यागत सुटायचा. मी म्हणालो, "चिखलाच्या हातातनं निसटल ह्यो." ती म्हणाली, "कव्हर येतं." दुसऱ्याचा पडदा मोठा, पण दुकानाच्या दारात उन्हात नेला तर त्यात माझंच तोंड दिसायला लागलं. बांधावर बसून काय मग, स्वतःचं थोबाड बघू? तिसरा जाड होता. ती म्हणाली, "बॅटरी मोठी आहे याची. लाईट गेली तरी दोन दिवस चालेल. फोटो थोडे साधे येतात." फोटो मला काढायचेच नव्हते. कुणाचा काढणार?

"आता आवाज," मी म्हणालो.

तिनं त्यात गाणं लावलं. मी हात आडवा केला. "गाण्यात समदेच चांगले वाजत्यात. बोलणं लाव." मग तिनं तिन्ही फोनांत एकामागून एक स्वतःचंच बोलून भरलं: "काका, जेवलात का?" आणि एक एक लावून दाखवलं. पहिल्यातून पत्र्याच्या डब्यात बोलल्यागत आलं. दुसऱ्यातून मोठं आलं, पण लाऊडस्पीकरवरच्या बाईचं. तिसऱ्यातून आलं ते त्या पोरीचंच होतं, समोर उभी होती तशी, थोडं नाकातनं.

"ह्योच," मी म्हणालो.

दादा म्हणाला, "आरं, ह्याचा कॅमेरा माझ्या निम्मा बी न्हाई."

"तुझ्या बायकोचा आवाज घरात हाय," मी म्हणालो. "तुला कॅमेरा लागतो. मला न्हाई लागत." हे बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. दादा काचेतल्या चार्जरांकडं बघत राहिला.

पोरीनं विचारलं, "नंबर कोणता टाकू?" माझ्या बटणांच्या फोनात दोन खोबणी, एकीत माझं कार्ड, दुसरीत बायकोचं. मी म्हणालो, तिचं टाक. गॅस, बँक, माझी पोरगी, सगळ्यांना तोच नंबर पाठ. माझा नंबर मलाच येत नाही. एवढाच विचार केला मी, देवाशप्पथ.

दुकानातल्या पोरीनं ते कार्ड नव्या फोनात घातलं, बोटं फिरवली, कसलासा आकडा आला, तो तिनं घातला, आणि फोन वाजायला लागला. थांबेचना. पाखरांचा थवा झाडावर उतरावा तसा.

"काका, तुमचे मेसेज पेंडिंग होते," ती म्हणाली. "महिनाभराच्या आतले आलेत. त्याआधीचे येत नाहीत."

"माजे? मला कोण पाठवणार?"

तिनं फोन माझ्या हातात दिला. वर फोटो होता वहिनीचा, नथ घातलेला. खाली नुसत्या आवाजाच्या पट्ट्या, एकाखाली एक. मी अंगठा ठेवला. ज्या आवाजासाठी तो फोन निवडला, तो आला नाही. वहिनी बोलली.

"अगं ए, उठलीस का? आज लई धुकं पडलंया. तुज्या दारचा शेवगा दिसंना मला हितनं. मी आपली चहा घेती दोन कप, सवय जाईना मेली..."

दादा म्हणाला, "ही तर आमची ही."

दुकानातली पोरगी काच पुसायला लागली. आम्हा दोघा म्हाताऱ्यांना तेव्हा समजलं. वहिनी माझ्या बायकोला बोलून पाठवत होती. ती गेल्यावरही. रोज. तो नंबर कुठल्याच मोठ्या फोनात नव्हता, म्हणून ते कुठंच पोचत नव्हतं, आणि ते पोचत नाही हे तिलाही माहीत होतं.

तेवढ्यात फोन खणखणला. वरती तोच नथीचा फोटो. मी कानाला धरला तर पलीकडं नुसता श्वास. मग अगदी बारीक आवाजात, "कोण हाय?"

दादानं फोन माझ्या हातातून ओढला. "आगं मी हाय! पिरंगुटला! ह्येनं फोन घेतला, त्यात तिचं कार्ड घातलंया!"

पलीकडून फोन बंद झाला.

दादा म्हणाला, मी दाढी करून येतो. त्याची दाढी सकाळीच झाली होती. तो गेला, आणि मी एसटीच्या थांब्यावर बसून बाकीचं सगळं ऐकलं. ऐकायला नको होतं असं कुणी म्हणेल, तर त्यानं माझ्या जागी बसून बघावं. वहिनी तिला काय काय सांगत होती! भोपळा किती किलोचा निघाला. गुडघ्याला कुठलं तेल लावलं आणि ते कसं फुकट गेलं. एका पट्टीत नुसती रडली आणि शेवटी म्हणाली, "जाऊ दे, तू न्हाईस तर मला झाडून घ्यायला बी हुरूप येईना." एकात माझं होतं: "तुजं ध्यान आज शर्ट उलटा घालून खाचरात गेलं. मी सांगितलं न्हाई. तू असतीस तर लई हसली असतीस." एकात ती थांबली, आणि मागं माझी गाय हंबरली. ती माझ्या गोठ्याच्या भिंतीला टेकून बोलत होती तर.

तेव्हा मी जेवढा जळलो, तेवढा ओट्यावरचा आवाज ऐकून जळलो नव्हतो. वहिनीला सुचलं होतं. बायको गेल्यावरही तिच्याशी बोलायचं असतं, हे त्या बाईला सुचलं. आणि मी? तिच्याशी एवढा संसार केलेला माणूस मी, फोटोला उदबत्ती लावतो आणि गप बाजूला होतो. मला वाटलं होतं, माणूस गेलं की बोलणं संपतं. वहिनीचं संपलं नव्हतं. दोघींचं चालूच होतं, आणि बायको गेल्यावरही मी त्या बोलण्याच्या बाहेरच उभा.

परतीच्या जीपमध्ये दादा माझ्या कानाशी आला. "काय काय म्हणली?"

"बायकांचं हाय. तुला काय कळायचं?"

"माजं काय म्हणली?"

"तुजं काय न्हाई त्यात."

"एकदा बी न्हाई?"

"न्हाई." खरंच नव्हतं. दादा सरळ बसला आणि कोळवण येईपर्यंत ड्रायव्हरच्या टाळूकडं बघत राहिला. मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही.

वहिनी अंगणातच उभी होती. पदर खांद्यावरून सुटलेला, फोन हातात. दादाकडं तिनं बघितलंही नाही.

"भाऊजी, तुमी ऐकलंव?"

"व्हय."

"समदं?"

"समदं."

"तुमच्यासाठी व्हतं का ते?" एवढी मोठ्यानं ती लग्नातही कधी बोलली नव्हती. "हितं एक खूण असती. एकच व्हती इतके दीस. ती दोन झाली. मला वाटलं, तिनं... मला काय वाटलं असंल? मी खाली बसले, भाऊजी. हितं मातीत बसले."

मी म्हणालो, "वहिनी, मला तिचा आवाज पायजे व्हता. तुमचा न्हाई."

"मग मागायचा."

"मागितला. तुमी मिरच्या दिल्या."

दादा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि पायानं चप्पल सरळ करत होता.

"तुमची हाय ती, मान्य हाय," वहिनी म्हणाली, आता हळू. "पण जे बोलली ती माज्याशी बोलली. त्यात तिचं माहेर हाय, तिचं दुखणं हाय, तुमच्यावरचा राग बी हाय. ते तिनं मला दिलं. मी कसं वाटू?"

"मग नका वाटू. दोनचार द्या. कसली बी. मिरच्याची बी चालतील."

तिनं पदर खांद्यावर घेतला आणि म्हणाली, "देते. पण त्यो नंबर काढा तुमच्या फोनातनं. तुमचा स्वतःचा घाला. त्यो नंबर तसाच ऱ्हाऊ द्या, बंद. मला बोलाया जागा न्हाई दुसरी."

दादा चौकटीतून म्हणाला, "मी हाय की."

"तुमी कुस्त्या बघा," वहिनी म्हणाली. दादा आत गेला.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा पिरंगुटला गेलो. दुकानातल्या पोरीनं दोन्ही कार्डं काढली. बायकोचं कार्ड बटणांच्या फोनात गेलं, माझं नव्यात आलं. मी त्या पोरीला सांगितलं, "ते जुनं बोलणं पुसून टाक." ती म्हणाली, "नक्की ना, काका?" मी म्हणालो, "व्हय, आमच्यात ठेवत न्हाईत." तिनं पुसलं.

संध्याकाळी वहिनीनं पाठवायला सुरुवात केली. निवडून निवडून पाठवते. रोज नाही, तिच्या मनात येईल तेव्हा. एकात बायको विचारते, की पोळीला गूळ किती लागला. एकात नुसतं, "अक्का, आले आले, दार लावू नका." एकात ती कुठलंसं गाणं अर्धं म्हणून मध्येच हसायला लागते, आणि तिचं ते हसणं मी घरात कधी ऐकलं नव्हतं. माझ्यासमोर ती तोंडाला पदर लावून हसायची. फोन चांगला निवडला मी. पत्र्यातून बोलल्यागत येत नाही, ती बोलायची तसंच येतं. मी मोठ्यानं लावतो, ओट्यावर बसून. दादा आतून ओरडतो, "बारीक कर रं, आमी ऐकलंया ते!" मी आणखी मोठ्यानं करतो.

पण ज्या पट्ट्या वहिनी पाठवत नाही, त्याच माझ्या डोळ्यांसमोर येतात. माझ्यावरचा राग आहे म्हणाली ना. तो कसला राग? मला तोसुद्धा हवा आहे. तोसुद्धा माझाच आहे. मागितला तर वहिनी म्हणते, "भाऊजी, ते तिला विचारा." विचारायचा प्रयत्न केला मी एकदा, फोटोसमोर उभं राहून. दोन शब्दांपुढं गेलो नाही. मला बोलता येत नाही तिच्याशी, वहिनीला येतं.

दुपारी कामं उरकली, की वहिनी माझ्या गोठ्याच्या भिंतीशी येऊन बसते, अंगठा दाबून धरते आणि बोलायला लागते. मी आतून ऐकू नये म्हणून गाईला मोठ्यानं हाका मारतो. बटणांचा फोन फळीवर असतो, बायकोचं कार्ड त्यात. जे ती बोलते ते त्या नंबराकडं निघतं आणि कुठंच पोचत नाही. कार्ड बदलायला पिरंगुटची एक एसटी पुरे. दुकानातली पोरगी आता मला ओळखते. अजून तरी मी गेलो नाही. उद्याचं सांगता येत नाही.